सोय कोणाची, शुल्क कोणाला?

गेल्या हिवाळ्यात भाचीचे लग्न नागपूरला निघाले. आम्ही पुण्याचे, आई, सौ., मुलगी आणि मी अशी चार माणसे. आईला आता रात्रभराची रेल्वे झेपत नाही, म्हणून विमानाने जायचे ठरले. जेवणे उरकल्यावर संगणकासमोर बसलो. भाव पाहिला, बेत परवडेलसे वाटले. चौघांची नावे-वये भरता भरता अर्धा तास गेला आणि शेवटच्या पानावर आकडा एकदम फुगला. ‘अहो, मघाशी वेगळा आकडा होता ना?’ सौ. म्हणाली. शोधल्यावर सापडले ते ‘सुविधा शुल्क’. माणशी, एका बाजूच्या प्रवासाला ३५० रुपये. चौघांचे जाऊन-येऊन २,८०० रुपये! पैसे मात्र आम्ही एकदाच भरले, तेही यूपीआयने.

पूर्वी एजंटाकडे जावे लागे. तो लाल कार्बनचे तिकीट हाती ठेवी आणि त्याचे कमिशन विमान कंपनी देई. १ जून २००८ पासून ‘आयाटा’ या विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेने कागदी तिकिटांना रजा दिली. आता कागद नाही, काऊंटर नाही, कारकून नाही. ते सारे काम आपणच घरी बसून करतो आणि वर त्याचे पैसेही आपणच देतो!

संकेतस्थळ चालवायला खर्च येतो, हे मान्य. रेल्वेही ऑनलाइन तिकिटावर शुल्क घेते. पण ते तिकिटामागे, माणसामागे नव्हे. शिवाय १ जानेवारी २०२० पासून यूपीआयच्या व्यवहारावर दुकानदाराला बँकेचे शुल्क पडत नाही. मग एकाच व्यवहाराचे आठ वेळा पैसे कसले?

माझे भांडण शुल्कापेक्षा लपवाछपवीशी आहे. कोपऱ्यावरचा वाणी साखरेचा भाव एक सांगून पिशवीत भरल्यावर दुसरा लावू लागला, तर आपण त्याची पायरी पुन्हा चढणार नाही. युरोपीय संघाने २००८ मध्येच नियम केला, की विमानभाड्याचा आकडा अटळ शुल्कांसह पूर्ण दाखवावा. आपल्याकडेही ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ग्राहकाला चकवणाऱ्या १३ क्लृप्त्यांवर बंदी घातली. किंमत थेंबाथेंबाने उघड करणे ही त्यांतलीच एक. नियम झाला, तो पाळला जातो की नाही, हे पाहणारा डोळा हवा.

लग्नाच्या चार दिवस आधी आईला ताप आला आणि तिचे तिकीट रद्द करावे लागले. मूळ भाडे गेले. विमानतळाचे आकार आणि कर तेवढे परत आले. तिकीट ‘विनापरतावा’ असले तरी ते परत द्यावेच लागतात, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. सुविधा शुल्काचे ७०० रुपये मात्र बुडाले. आईला हिशेब सांगितला, तेव्हा ती अंथरुणातूनच म्हणाली, ‘अरे, मी तर गेलेच नाही. मग माझी सोय कसली केली त्यांनी?’

मला उत्तर देता आले नाही. ते विमान कंपन्यांनी द्यावे. आणि तोवर निदान पहिल्याच पानावर पूर्ण भाव सांगण्याचा प्रामाणिकपणा तरी दाखवावा.