तरक्याचा हिशेब आणि दोन दशांश स्थळे

वारसांचे हिस्से काढून देणारी अ‍ॅप्स आणि एक्सेलचे तक्ते आता आपल्या घरांतही पोहोचले आहेत. माझा त्यांना विरोध नाही. पण हिशेब करून देणाऱ्याला मी एक प्रश्न हमखास विचारतो: भागाकार कुठे केला आणि आकडा कुठे तोडला? बहुतेकांना हा प्रश्नच विचित्र वाटतो.

साधे उदाहरण घ्या. मरहूमांच्या मागे बेवा आणि तीन मुलगे. कफनदफन, कर्ज, वसीयत सगळे फिटून एक कोटी रुपये उरले. बेवेचा आठवा हिस्सा, म्हणजे १२.५ टक्के. बाकीचे सात अष्टमांश तिघा भावांत समान, म्हणजे प्रत्येकी २९.१६६६… टक्के. टक्क्यांचा रकाना दोनच दशांश स्थळांचा असेल तर तिथे २९.१७ साठवले जाते. आता बेरीज करा: १००.०१ टक्के! तरक्यात नसलेले एक हजार रुपये कागदावर वाटून झाले. हा औल नव्हे. औलमध्ये ठरलेल्या हिश्श्यांचीच बेरीज एकापेक्षा जास्त भरते आणि सगळ्यांचे हिस्से त्याच प्रमाणात घटतात. इथे वारसांचे हिस्से बरोबर आहेत, रकाना तेवढा आखूड आहे.

मग दशांश स्थळे वाढवा, असा सल्ला मिळतो. त्याने चूक लहान होते, जात नाही. एकाला तिनाने भागायला सांगितले की मायएसक्यूएल हा डेटाबेस चार स्थळांवर थांबतो, ०.३३३३. पोस्टग्रेस आपल्या ‘न्यूमेरिक’ प्रकारात वीस वेळा ३ लिहितो. त्या उत्तराला पुन्हा तिनाने गुणा, वीस वेळा ९ मिळतात, एक मिळत नाही. त्याच पोस्टग्रेसमध्ये २.५ पूर्णांकात आणायला सांगितले तर ‘न्यूमेरिक’चे उत्तर ३ येते आणि ‘डबल प्रिसिजन’चे साधारणपणे २. दोन्ही नियम गणितात मान्य आहेत. त्यातला कोणता लागला, हे मात्र वारसांना कोणी सांगत नाही.

बारीक कपात साठत जाते तेव्हा काय होते, ते कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या शेअर बाजाराने पाहिले आहे. १९८२ साली १००० वर सुरू केलेला त्यांचा निर्देशांक प्रत्येक सौद्यानंतर नव्याने काढला जाई आणि तीन स्थळांपुढचे अंक सरळ कापले जात. नोव्हेंबर १९८३ पर्यंत तो ५२४ च्या आसपास घसरला. नीट हिशेब केल्यावर निघाला सुमारे १०९८.

आपल्याकडे मात्र याला जुने उत्तर आहे. फराइज शिकलेला मदरशातला विद्यार्थी टक्के काढतच नाही. तो मसला आठाचा धरतो: बेवेला एक, मुलांना सात. सात तिघांत वाटले जात नाहीत, म्हणून आठाला तिनाने गुणून चोवीस करतो. बेवेला तीन, प्रत्येक मुलाला सात. कुठेही अपूर्णांक नाही, बेरीज पुरी चोवीस. याला तस्हीह म्हणतात. ‘अल्गोरिदम’ हा शब्द ज्यांच्या नावावरून आला, त्या अल-ख्वारिज्मींनी नवव्या शतकात लिहिलेल्या बीजगणिताच्या ग्रंथाचाही मोठा भाग वारसा-वसीयतीच्या हिशेबांचाच आहे. आपले संगणक शिकलेले तरुण हा भाग मौलवींचा विषय म्हणून सोडून देतात, हे मला पटत नाही.

डेटाबेसमध्ये हेच करता येते. टक्क्यांच्या एका रकान्याऐवजी अंश आणि छेद असे पूर्णांकांचे दोन रकाने ठेवा. रुपये काढताना आधी सातने गुणा, मग चोवीसने भागा, आणि पैशांपर्यंत आणणे अगदी शेवटी.

तरीही प्रत्येक मुलाचे २९,१६,६६६.६७ रुपये होतात आणि एकूण बेरीज एक कोटी एक पैसा. हा पैसा कोणाच्या हिश्श्यातून कमी करायचा, ते यंत्राने गुपचूप ठरवू नये. एका पैशासाठी भाऊ भांडणार नाहीत, खरे आहे; पण सामाईक दुकानाचे भाडे दर महिन्याला वाटले जाते आणि दर वेळी तोच पैसा त्याच बहिणीचा कापला जाऊ शकतो. तेव्हा अ‍ॅप बनवणाऱ्यांनी छापील तक्त्याखाली एक ओळ जरूर टाकावी: उरलेला पैसा कोणाकडे गेला, आणि कोणत्या नियमाने. मराठीत लिहा, उर्दूतही लिहा, म्हणजे घरातल्या अम्मींनाही वाचता येईल.