भिंतीचा ताप आणि ढगाची वाट

गेल्या ऑक्टोबरातली रात्र. अकरा वाजून गेले होते. आमची आई भिंतीला पाठ टेकून बसली, लगेच पुढे सरकली आणि सुनेला म्हणाली, "अगं, या भिंतीला ताप आलाय!" ऐंशीच्या घरातली बाई, पुण्यात तिचा डोळ्याला डोळा लागत नव्हता. मावळातल्या घरी मात्र याच दिवसांत पहाटे पांघरूण ओढावे लागते. मग माझ्याकडे वळून तिने विचारले, "एवढं उकडतंय, तर पाऊस का पडत नाही रे?"

ढगांना नावे देणाऱ्या ल्यूक हॉवर्डने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच लंडनची रात्र भोवतालच्या खेड्यांपेक्षा उबदार असते हे मोजून दाखवले होते. आमच्या भिंतीही दिवसभर ऊन पितात आणि रात्री परत करतात. तापलेली हवा वर चढते, आसपासची हवा तिची जागा घेते. तिच्यात ओल असली, तर वर जाऊन ती गार होते आणि ढग धरतो. ओलच नसली, तर नुसता घाम.

पण वाचकहो, ढग जिथे जन्मला तिथेच बरसेल असे थोडेच आहे! तो वाढेपर्यंत वारा त्याला पुढे नेतो. अमेरिकेत मिसिसिपीकाठच्या सेंट लुइस शहरी १९७१ ते १९७५ पर्यंत उन्हाळी पावसाची कसून मोजणी झाली. पाऊस जास्त भरला तो वारा ज्या दिशेला जातो त्या पूर्वेच्या बाजूला, नदीपलीकडे. मेघगर्जना वाढल्या, गाराही. भट्टी एका गावाची आणि गारा दुसऱ्याच्या मक्यावर! धुराची मात्र तऱ्हा निराळी: त्याचे कण फार झाले, तर थेंब बारीकच राहतात आणि पाऊस लांबूही शकतो.

आपला मोसमी पाऊस समुद्रावरून येतो; तो आमच्या भिंतींना विचारून येत नाही. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, कुलाब्याला अवघा ७३. त्याचे खापर शहराच्या उष्म्यावर फोडणे मला पटत नाही. उष्म्याला हात घालायला वाव मिळतो तो वळवाच्या सरींत.

हे सारे आईला सांगितले. ती म्हणाली, "म्हणजे ताप आपल्या भिंतीला, आणि सर आली तरी ती पलीकडच्यांच्या अंगणात?"

मी गप्प बसलो. सौभाग्यवतीने तेवढ्यात आईची गादी उचलून गच्चीवर नेली होती.