इंजिनाआधी रबर

लखनौची थंडी होळीला निरोप घेते आणि पाठोपाठ उन्हाची चाहूल लागते. मे महिन्यात लू वाहू लागली की पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा चिनहटच्या देवा रोडवर भरदुपारी गाडी ढकलत नेण्यापेक्षा जुन्या मोटरसायकलीचं काम फाल्गुन-चैत्रातच उरकलेलं बरं. अडतं ते एवढ्यावरच, की काम करायचं किती?

माझी स्प्लेंडर 2004 सालची. टाकीवर अजून हिरो होंडाचं नाव आहे. अशी गाडी दारात लागली की मिस्त्री आधी इंजिनाकडे बघतात. ‘खोल दें?’ हा त्यांचा ठरलेला प्रश्न. माझं ठाम मत आहे की कारणाशिवाय चालतं इंजिन खोलू नये. वर्षानुवर्षं एकमेकांत बसलेले भाग हलवले की नव्या गळत्या सुरू होतात.

कारण आहे का, हे तपासता येतं. सायलेन्सरमधून निळसर धूर येतोय? किकला दाब लागत नाही? मग प्लग काढून सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडायचं, प्लग परत बसवून किक मारायची. दाब वाढला तर रिंगा झिजल्यात; फरक पडला नाही तर संशय व्हॉल्व्हवर घ्यावा. धूर नाही, दाब चांगला आहे, तर इंजिनाला हात लावू नये.

ऑइल मात्र बदलावंच, मग किलोमीटर कितीही कमी झालेले असोत. धुक्याच्या दिवसांत आपण चोक ओढून गाडी सुरू करतो आणि जेमतेम बाजारापर्यंत जातो. इंजिन पुरतं तापत नाही, आत धरलेलं पाणी उडून जात नाही. ऑइलचं झाकण काढून पाहा, आतल्या बाजूला मलईसारखा पांढरट थर दिसला तर ते हेच पाणी.

खरी काळजी रबराची. चेन, ब्रेक शू, प्लग हे गाडी जितकी फिरेल तितके झिजतात. रबर नुसत्या वयानंही मरतं, गाडी उभी असली तरी. त्यात आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. माझी गाडी बनली तेव्हा असं इंधन कुणाच्या हिशेबात नव्हतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, जुन्या रबराला फुगवतं, कडक करतं. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचा पाईप बोटांनी दुमडून बघावा. बारीक भेगा दिसल्या की त्याच दिवशी बदलावा, क्लिपांसकट. तापल्या इंजिनावर पेट्रोल ठिबकण्याचा धोका कशाला पत्करायचा? कार्बोरेटर उघडलाच आहे तर तळाच्या वाटीचं रबरही बघून घ्यावं.

टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. 1219 म्हणजे 2019 सालचा बारावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी एवढा जुना टायर मी तापलेल्या डांबरावर नेणार नाही. आपल्या मागे कुणीतरी बसलेलं असतं.

यंदा मिस्त्रींना सांगितलंय: ऑइल, पेट्रोलचा पाईप, वाटीचं रबर आणि मागचा टायर. चेन साफ करून ताणायची, तीही मधोमध दाबल्यावर दोन-तीन सेंटिमीटर हलेल एवढीच. धूर नाही, दाब चांगला आहे. इंजिन बंदच राहील.