नाथसागराचे रक्षण शिवनेपासून

१९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी जायकवाडी धरणाची पायाभरणी केली, १९७६ साली इंदिरा गांधींनी त्याचे लोकार्पण केले. पुढे १९८६ मध्ये नाथसागर पक्षी अभयारण्यही ठरला. पण गाळाला अभयारण्याची हद्द कळत नाही. लासूर स्टेशनजवळची शिवना गोदावरीला मिळते, आणि तिने वाहून आणलेली माती अखेर याच जलाशयात बसते. धरणाची मूळ साठवण १०२ टीएमसी. हा आकडा आपण अभिमानाने सांगतो, त्यातून गाळ मात्र वजा करत नाही!

नगर-नाशिककडे समन्यायी वाटपाचे पाणी मागणे रास्तच आहे. पण शिवना तर आपल्याच जिल्ह्यातली. तिच्या पात्रातील वाळू आणि काठावरची झाडे राखायला कोणत्या लवादाची वाट पाहायची?