तीस दिवसांत फुटपाथ मोकळे करा

पुणे महापालिकेचे आयुक्त, वाहतूक पोलीस, आणि फुटपाथला आपल्या घरचा ओटा समजणारे शहरातले तमाम दुकानदार व वाहनचालक यांस:

ही विनंती नाही. या शहरात पायी आणि सायकलवर फिरणारे आम्ही लोक आजपासून तीस दिवसांची मुदत देत आहोत.

धोरण नाही, अशी सबब चालणार नाही. पादचारी धोरण २०१६ मध्ये तुम्हीच केलेत, सायकल आराखडा २०१७ मध्ये तुम्हीच मंजूर केलात. जंगली महाराज रस्त्याचे पदपथ रुंद केलेत आणि ते चांगले केलेत. म्हणजे मनात आणले तर जमते. लक्ष्मी रस्त्यावर डिसेंबरात 'पादचारी दिन'ही साजरा होतो. बाकीचे ३६४ दिवस कोणाचे, तेही एकदा जाहीर करून टाका.

उपनगरातला कुठलाही फुटपाथ घ्या. चढायची पायरीच गुडघ्याशी येते. इंडियन रोड्स काँग्रेसचे मानक सांगते की उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको आणि चालायला निदान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी. इथे चार पावलांवर विजेचा डीपी, त्याचे दार सताड उघडे. पुढे शोरूमचा जिना, त्याला टेकून लावलेल्या दुचाकी. मग सोसायटीच्या गेटसाठी उतार, लगेच पुन्हा चढ. निखळलेल्या पेव्हर ब्लॉकवर पाय पडला की खालचे गढूळ पाणी थेट पोटरीपर्यंत. शेवटी सत्तरीतला माणूस रस्त्यावर उतरतो, आणि मागून हॉर्न देत आलेला स्कूटरवाला त्यालाच सुनावतो, "आजोबा, फुटपाथ कशाला दिलाय?" सिग्नल चुकवायला हाच स्कूटरवाला पुढच्या चौकात फुटपाथवर चढणार आहे. सायकल ट्रॅकबद्दल काय बोलावे? जिथे ते आहेत तिथे मोटारी उभ्या असतात.

२०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती. डिसेंबर २०२४ मध्ये वाघोलीच्या केसनंद फाट्याजवळ डंपर फुटपाथवर चढला आणि तिथे झोपलेली तिघे चिरडली गेली. त्यांत दोन तर अगदी तान्ही लेकरे होती.

आता कायद्याचे. चालण्याजोगा पदपथ हा संविधानाच्या कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये बजावले आहे. रस्त्यावर बेकायदा ठेवलेली वस्तू नोटिशीशिवाय उचलण्याचा अधिकार महापालिका अधिनियमाच्या कलम २३१ ने आयुक्तांना दिलेला आहे. रस्त्याची रचना मानकाप्रमाणे नसल्यामुळे कोणी मेले किंवा जायबंदी झाले, तर मोटार वाहन कायद्याचे कलम १९८-अ जबाबदार यंत्रणेला आणि ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड सांगते. अधिकार नाहीत, हे रडगाणे पुन्हा ऐकवू नका.

तीस दिवसांत हे व्हायला हवे: शाळा, दवाखाने आणि बसथांब्यांभोवतीचे फुटपाथ मोकळे आणि सलग, तिथे लावलेली वाहने रोज उचलली जायला हवीत, मोहीम संपली की पुन्हा जैसे थे असे नको, मोठ्या चौकांत म्हातारा माणूस निवांत पलीकडे पोचेल एवढा वेळ पादचारी सिग्नल हिरवा, सायकल ट्रॅकवर एकही मोटार नको.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. चार पथारीवाल्यांच्या टोपल्या उचलून फोटो काढलेत, तर ते काम म्हणून आम्ही धरणार नाही. त्यांच्यासाठी २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे, त्याप्रमाणे त्यांना जागा नेमून द्या. आमचे भांडण आधी चारचाकीशी आहे, मग शोरूमच्या जिन्याशी.

एकतिसाव्या दिवशी काय होईल तेही ऐका. अडवलेल्या प्रत्येक फुटपाथचा फोटो, जागा आणि तारीख घालून प्रकरण उच्च न्यायालयात जाईल, आणि अधिकाऱ्यांना व्यक्तिशः उत्तरदायी धरा, अशी मागणी त्यात असेल. शिवाय जिथे चालण्याजोगा फुटपाथ नाही, तिथे आम्ही सकाळी नऊ वाजता, ऐन गर्दीत, डांबरी रस्त्यावरून चालू. म्हातारे पुढे, शाळेची पोरे मधे, सायकली मागे. हॉर्न वाजवून उपयोग होणार नाही. आम्ही बाजूला होणार नाही.