घरमालकांनो, कागदाला भिऊ नका

नाशिकच्या पंचवटी कारंजावर कुणी नुसतं म्हणावं, "हिरावाडीत वन बीएचके घेतलाय, भाड्याने द्यायचाय," की चहाच्या आधी सल्ले हजर. स्टॅम्पपेपरवर अकरा महिन्यांचं लिहून घे, नोंदणीच्या भानगडीत पडू नकोस. पावती देऊ नकोस. दर वर्षी माणूस बदल, नाहीतर बोकांडी बसेल. भाडं थकलं तर नळ बंद कर, आपोआप जाईल. आणि सिंहस्थ कुंभमेळा आला की खोली मोकळी करून घे, दोन महिन्यांत वर्षाचं भाडं सुटतं. सल्ले देणारे आपलेच असतात आणि कळकळीने बोलतात. पण यातला प्रत्येक सल्ला शेवटी घरमालकाच्याच मुळावर येतो.

आधी पूर्वपक्षाची बाजू. ही भीती हवेतून आलेली नाही. 1947 च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाण भाड्याचा पाया 1 सप्टेंबर 1940 चा धरला आणि पुढच्या पिढ्या त्या आकड्यांत अडकल्या. ज्यांनी भाडेपट्ट्याऐवजी 'लीव्ह अँड लायसन्स'ची, म्हणजे नुसत्या वापराच्या परवानगीची, पळवाट काढली, त्यांना 1973 च्या दुरुस्तीने गाठलं. त्या वर्षीच्या 1 फेब्रुवारीला चालू करारावर जागेत असलेले लायसन्सधारक एका फटक्यात भाडेकरू ठरले. गोठलेल्या भाड्याची ही तरतूद आता वाजवी राहिलेली नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्ये सांगितलं. 1999 चा नवा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 31 मार्च 2000 पासून लागू झाला खरा, पण त्यातही जुन्या भाडेकरूंसाठी वाढ वर्षाला 4 टक्के. वाड्यातल्या खोलीचं 25 रुपये भाडं, चक्रवाढ धरली तरी, 25 वर्षांत 66-67 रुपयांवर जातं. त्यात कौलंसुद्धा बदलून होत नाहीत. अशा वाड्यात वाढलेला माणूस भाडेकरू म्हटलं की दचकतो, यात त्याचा दोष नाही.

पण ही भीती कालच्या कायद्याची आहे आणि आपण घर देतोय आजच्या कायद्यात. 1999 च्या कायद्यातलं कलम 24 मालकाच्या बाजूने आहे. राहण्यासाठी लायसन्सवर दिलेल्या घराची मुदत संपली आणि माणूस हलला नाही, तर वर्षानुवर्षं दिवाणी दावा लढावा लागत नाही, सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. लेखी करारात जे लिहिलंय ते तिथे निर्णायक पुरावा मानलं जातं आणि मुदतीनंतरच्या वास्तव्याला दुप्पट दराने भरपाई लागते. तारखा तिथेही पडतात, पण हातात पक्का कागद असलेला मालक आणि नसलेला मालक यांच्या तारखांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

आता अकरा महिन्यांचा सल्ला घ्या. केंद्राच्या नोंदणी कायद्यात वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला नोंदणीची सक्ती नाही, त्यातून ही टूम निघाली. महाराष्ट्रात मात्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 नुसार करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मग मुदत अकरा महिन्यांची असो की तीन वर्षांची. नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती केली नसेल, तर वाद झाल्यावर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं आणि ते खोटं पाडण्याचं ओझं मालकावर येतं. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे ज्या नोटरीच्या कागदाला आपण ढाल समजतो, तोच उलटतो.

आणि हे सगळं वाचवायचं किती? महिना 9,000 भाडं, 30,000 डिपॉझिट, मुदत अकरा महिने धरा. एकूण भाडं 99,000, त्यात डिपॉझिटवरचं 10 टक्के दराने व्याज मिळवायचं आणि त्यावर पाव टक्का मुद्रांक. अडीचशे-तीनशे रुपये झाले. महापालिका हद्दीत नोंदणी फी 1,000. वर एजंटचे पैसे. तो लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी येतो, आधार क्रमांक टाकतो, मालकाचा अंगठा, भाडेकरूचा अंगठा, ओळख पटवणाऱ्या दोघांचे अंगठे घेतो. आजीचा अंगठा उमटला नाही तर बोट पुसून पुन्हा ठेवायला लावतो. अर्ध्या तासाचं काम. एवढ्यासाठी तीस-पस्तीस लाखांचं घर उघड्यावर टाकायचं?

पावती न देण्यामागे दुसरी भीती असते, 'बारा वर्षं राहिला की घर त्याचं.' बारा वर्षांची मुदत आहे ती मालकाला न जुमानता, त्याच्या हक्काविरुद्ध ठेवलेल्या कब्जासाठी. भाडेकरू तुमच्या परवानगीने राहतो आणि भाडेकरू म्हणून आत आलेल्याला तुमची मालकी नाकारता येत नाही. उलट पावती आणि बँकेत जमा होणारं भाडं हाच तो परवानगीने राहतोय याचा पुरावा. पावती देणं कायद्याने बंधनकारक आहेच, न देणारा स्वतःचाच पुरावा पुसतो. 'बँकेत भाडं आलं की कर लागेल' म्हणणाऱ्यांनी हिशेब मांडून पाहावा. भरलेली घरपट्टी वजा जाते, उरलेल्यावर 30 टक्के सरसकट वजावट मिळते. छोट्या मालकाला कराची धास्ती कराहून मोठी असते.

दर वर्षी माणूस बदलण्याचा हिशेब तर साध्या बेरजेत कोसळतो. नव्या माणसाकडून 500 रुपये जास्त मिळाले, वर्षाचे 6,000 झाले. पण मधे एक महिना घर रिकामं राहिलं की 9,000 गेले. रंगाचा हात आणि दलालाची दलाली वेगळीच. त्यापेक्षा 36 महिन्यांचा करार करा, दर वर्षी 5 टक्के वाढ त्यातच लिहा. कराराची मुदत 60 महिन्यांपर्यंत घेता येते.

नळ बंद करण्याबद्दल फार बोलायला नको. त्याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 29 नुसार पाणी, वीज अशा आवश्यक सोयी तोडता येत नाहीत. भाडं थकवणारा तोवर दोषी असतो, नळ बंद झाल्याच्या दिवशी तो फिर्यादी होतो.

राहिला सिंहस्थ. 31 ऑक्टोबर 2026 चं ध्वजारोहण आणि ऑगस्ट-सप्टेंबर 2027 मधली अमृतस्नानं डोळ्यांसमोर ठेवून अनेकांनी मनात दरपत्रकं छापलीत. पण 2003 च्या सिंहस्थातल्या चेंगराचेंगरीनंतर बंदोबस्त कसा कडक झाला, ते 2015 च्या सिंहस्थात पंचवटीकरांनी पाहिलंय. पर्वणीला रामकुंडाकडचे रस्ते बंद, जागोजागी बॅरिकेड आणि पाहुणा लांबच्या वाहनतळावर उतरून पायी येणारा. मोजक्या पर्वण्यांसाठी अमृतधामला कॉलेजात जाणाऱ्या पोरांना ऐन सत्रात बाहेर काढायचं आणि पुढे महिनोन्महिने पाटी लावून बसायचं, हा व्यवहार नव्हे. मुदत संपण्याआधी बाहेर काढलं तर करार आपणच मोडतो. पाहुणे ठेवायचेच असतील, तर रिकाम्या खोलीत ठेवा आणि राज्याच्या न्याहारी-निवास योजनेसारख्या योजनेत रीतसर नोंदणी करून ठेवा.

मग करायचं काय? घर घेतानाच पूररेषा पाहा. 2008 आणि 2016 च्या पुरात गोदापात्रातला दुतोंड्या मारुती बुडाला, तेव्हा गोदाकाठच्या तळमजल्यांचं काय झालं हे विचारायला लांब जावं लागत नाही. माणूस निवडताना नोकरी, उत्पन्न, आधीच्या घरमालकाचा अनुभव विचारा, आडनाव नको. ज्या पंचवटीत काळाराम मंदिरासाठी 2 मार्च 1930 ला सत्याग्रह उभा राहिला, तिथे खोली देताना जात हुंगणं लाजिरवाणं आहे आणि व्यवहार म्हणूनही मूर्खपणाचं. जातीवरून भाडं वेळेवर येत नाही. डिपॉझिट दोन-तीन महिन्यांच्या भाड्याइतकं ठेवा. किल्ली देण्याआधी भिंती, नळ, गिझर यांचे फोटो काढा आणि वस्तूंची यादी कराराला जोडा. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्या. घर भाड्याने दिलं म्हणून सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी शुल्काच्या नावाखाली मनाला येईल तो आकडा लावत असेल, तर सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांची मर्यादा तिला दाखवा. आणि गळणारा पाइप आठवड्यात दुरुस्त करा. चांगला भाडेकरू टिकतो तो यावर.

भाड्याचं घर हा काही घबाडाचा धंदा नाही. 35 लाखांच्या फ्लॅटला 10,000 भाडं म्हणजे वर्षाला जेमतेम साडेतीन टक्के, तेही खर्च धरायच्या आधी. एवढ्या बारीक नफ्यात एक कोर्टकज्जा चार-पाच वर्षांची कमाई गिळतो. म्हणून वचक बसवण्याच्या युक्त्या छोट्या मालकाला परवडत नाहीत. कपाटातला करार आज बाहेर काढा. त्यावर दस्त नोंदणी क्रमांक नसेल, तर कारंजावर सल्ला विचारायला जाऊ नका, भाडेकरूला घेऊन नोंदणी करून टाका.