आधी बॅटरी, मग माइक

वैशाखात रावेर-यावलच्या पट्ट्यात वादळ घुसलं की केळीच्या बागा आडव्या होतात आणि त्यांच्याबरोबर विजेचे खांबही. थोड्या वेळानं मोबाइलचे मनोरे मुके होतात. रस्ता कुठं बंद आहे, कोणता दवाखाना उघडा आहे, पंचनाम्यासाठी काय जपून ठेवायचं, हे सांगणारा आवाज गावाला त्याच रात्री हवा असतो. सामुदायिक रेडिओला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, पण प्रशासनाकडून आलेली आपत्तीची माहिती देता येते. मात्र रेडिओ केंद्राचीच वीज गेली असेल तर त्या मुभेचा उपयोग शून्य.

केंद्र सरकारनं २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओची दारं उघडली. जळगावात केसीई सोसायटीचं ‘रेडिओ मनभावन’ त्याच धोरणाचं फळ. केरळात वायनाडला मानंतवाडी धर्मप्रांताच्या समाजसेवा संस्थेनं २००९ मध्ये ‘रेडिओ माट्टोली’ सुरू केला. संस्था चर्चची, पण कार्यक्रम शेतकऱ्यांचे आणि आदिवासींचे, त्यांच्या बोलींतसुद्धा. खान्देशातल्या ख्रिस्ती मंडळ्यांनी हाच नमुना डोळ्यांपुढे ठेवावा असं मला मनापासून वाटतं. अहिराणी, मावची, पावरी बोलणाऱ्यांना आपल्या बोलीत आरोग्याची माहिती क्वचितच ऐकायला मिळते.

अशा केंद्रासाठी वर्गणी काढताना पहिली पावती बॅटरीच्या नावानं फाडावी. स्टुडिओला, माइकला, इमारतीला दाते मिळतात, कारण तिथं नावाची पाटी लागते. सरकारी अनुदानही उपकरणांसाठी असतं. बॅटरी मात्र कोपऱ्यातल्या खोलीत, कुणाच्या नजरेस न पडणारी.

आणि गरज किती थोडी आहे पाहा. अशा केंद्राचं प्रक्षेपक यंत्र साधारण ५० वॅटचं. मिक्सर, संगणक, पंखा धरून एका माणसाच्या निवेदनाचं काम ३०० वॅटच्या आसपास विजेत भागतं, म्हणजे चटणी वाटायच्या मिक्सरपेक्षाही कमी. १५० अँपिअर-तासांच्या चार ट्यूब्युलर बॅटऱ्या अर्ध्यापर्यंतच वापरल्या तरी दहा तास निघतात. एक बॅटरी पंधरा हजारांच्या घरात धरली, तर इन्व्हर्टर सोडून तासाला सहा हजार रुपये पडतात. दात्याकडे जाताना हाच हिशेब न्यावा: ‘तुमच्या सहा हजारांत वादळाच्या रात्रीचा एक तास.’ एसी मात्र या हिशेबात बसत नाही. तो एकटाच दीड किलोवॅट खातो.

आपल्याकडचं ऊन बॅटरीचा वैरी. पंचवीस अंशांच्या वर दर आठ-दहा अंशांना लेड-अॅसिड बॅटरीचं आयुष्य जवळपास निम्म्यावर येतं, आणि जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात पंचेचाळीसपर्यंत जातो. म्हणून पत्र्याच्या खोलीत बॅटरी ठेवू नये, आणि नव्या बॅटऱ्यांसाठी पहिल्या वर्षापासूनच वेगळा निधी साठवावा. भुसावळजवळ दीपनगरला औष्णिक वीज होते, साक्रीच्या माळावर महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे. ज्या मुलखातून वीज बाहेर जाते, तिथल्या रेडिओच्या छतावर चार सौर पॅनल तरी हवेतच.

पैसा कुठून? जुन्या सवयीनं परदेशातल्या मिशनला पत्र लिहिण्याचा मोह होईल. पण परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी देणगी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेतच घ्यावी लागते आणि एका संस्थेला ती दुसरीकडे वळवता येत नाही. चर्चकडे परवानगी असली तरी रेडिओ चालवणाऱ्या वेगळ्या संस्थेला त्या पैशाचा उपयोग नाही. सरकारी जाहिरातीचा दर २०२४ मध्ये दहा सेकंदांना ५२ वरून ७४ रुपये झाला, पण त्या उत्पन्नातून आधी पगार भागतील.

म्हणून श्रोत्यांकडेच जावं, आणि फक्त मंडळीतल्या श्रोत्यांकडे नव्हे. नवापूर तालुक्यात चिंचपाड्याचं ख्रिस्ती रुग्णालय आहे. तिथं उपचार घेणारे काय सगळे ख्रिस्ती असतात? रेडिओचंही तसंच असेल, तर केळी बागायतदारापुढे, कापूस व्यापाऱ्यापुढे, बचत गटापुढे हात पसरायला संकोच कशाचा? सुगीच्या सणाला मंडळीत लिलाव होतो, तिथं एक टोपली बॅटरीसाठी ठेवावी. जमा-खर्च दर महिन्याला रेडिओवरूनच वाचून दाखवावा, अहिराणीतसुद्धा. आणि हे सगळं मार्चच्या आत उरकावं, कारण बॅटऱ्या जोडून, एका रात्री मुद्दाम मेन स्विच बंद करून केंद्र खरंच किती तास चालतं ते वादळाआधी तपासायला हवं.